आय वॉश, ही डिसाइड्स

माझ्या धाकट्या लेकाला हसायची लाज वाटली नाही, हे आधीच सांगून टाकते. बायको मुलाखतीहून रडवेली होऊन आलेली, पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या, आणि हा तोंडात घास घेऊन खिदळतोय.

"आई, ऐकलंस का? हॉटेलच्या मॅडमनी विचारलं, कामाचं कोण ठरवतं? तर ही बया म्हणते, माझा नवरा!" वर मांडीवर थाप.

पोटचा असला म्हणून काय झालं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमची लॉन्ड्री आहे, मी माझ्या हातांनी उभी केलेली. चौकातल्या हॉटेलच्या चादरी, टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, सगळं आमच्याकडे येतं. त्याच हॉटेलला कपड्यांच्या खोलीवर देखरेख करायला बाई हवी होती, थोडंफार इंग्रजी बोलणारी. सूनबाईनं अर्ज केला, आणि का करू नये? कुठल्या डागाला काय लावायचं, कुठला गठ्ठा आधी घ्यायचा, गाडी कधी सोडायची, लॉन्ड्रीत सगळं तीच ठरवते. धाकटा ती गाडी चालवतो. कॉलेजची पायरी चढलाय म्हणून इंग्रजीही झाडतो. तेव्हा शिकवणी त्याच्याकडे.

मोठी चादर एकट्यानं घडी करता येत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची आणि चालत एकमेकांकडे यायचं. यानं शिकवणी त्यातच बसवली. चादर झटकताना हा म्हणणार "आय", टोकं जुळवताना ती म्हणणार "वॉश". पुन्हा लांब. "आय." "फोल्ड." पुन्हा लांब. "ही." "ड्राइव्ह्ज."

माझी शाळा चौथीतच सुटली, पण कान शाबूत आहेत. इस्त्री फिरवता फिरवता मलाही कळलं की आय म्हणजे मी, ही म्हणजे तो, शी म्हणजे ती. तो किंवा ती आली की कामाच्या शब्दाला मागून स लागतो. आय, यू, वी, दे यांना काही लागत नाही. आपल्यात बाई जाते आणि पुरुष जातो. तिकडे दोघांना एकच 'गोज'. मला ती भाषा आवडली होती, खोटं कशाला बोलू?

पण भाषेनं केला नाही तो भेद आमच्या चिरंजीवांनी केला. धुणं, घडी घालणं, रांधणं, विचारणं, सगळं 'आय'च्या पदरात. चालवणं, पैसे देणं, माहीत असणं, ठरवणं, सगळं 'ही'चं. रोज संध्याकाळी हेच. मला वाटलं, 'आय'ला आज धुणं शिकवतोय, उद्या ठरवणंही शिकवेल. तो उद्या काही उजाडला नाही. मग मॅडमच्या तोंडून 'डिसाइड' ऐकल्याबरोबर हातांच्या सवयीनं हिच्या तोंडून निघालं, "ही डिसाइड्स. आय आस्क." 'ही' म्हणजे कोण, असं मॅडमनी विचारलं, तर म्हणे हजबंड!

"आता पुढं काय म्हणाल्या त्या?" मी तिला विचारलं.

"उद्या परत या म्हणाल्या, आई. बोलायची तयारी करून."

"काही गरज नाही," धाकटा म्हणाला. "मी फोन करून सांगतो, येत नाही म्हणून. आपल्याच गिऱ्हाइकापुढं पुन्हा शोभा कशाला?"

मी त्याच्या पुढचं ताट उचललं.

"अगं आई, जेवतोय मी!"

"ही इट्स. ठाऊक आहे मला. ऊठ."

सूनबाईला घेऊन मी घडीच्या टेबलाशी गेले. चादरीचं रोज तो धरतो ते टोक मी धरलं.

"आय," मी म्हटलं.

"वॉश," ती म्हणाली.

मी चादर अशी झटकली की तिच्या हातून टोक सुटलं. "झालं धुऊन! आज सकाळी गाडी थांबवून तो पिवळा डाग परत धुवायला कुणी लावला?"

"मी."

"मग ते बोल की! मला काय सांगतेस, चादरीला सांग."

तिनं टोक उचललं. चादर ताणली. "आय... चेक," ती म्हणाली. मग "आय सेंड." चादरीमागून चादर झाली. मधेच अडायची, डोळे पुसायची, मी थांबायची नाही.

धाकटा दारात येऊन उभा, हातात फोन. "असं घोकून कुणी मुलाखत देतं का? तुला ग्रामर तरी कळतं का, आई?"

"'ही'ला स लागतो, एवढं कळतं. बाकी जे काय लागलंय ते तू लावलंयस."

"अहो," सूनबाई म्हणाली. त्याच्याकडे बघत होती, चादर छातीशी धरून. "आय डिसाइड." आणि मी न सांगता पुढं म्हणाली, "ही ड्राइव्ह्ज. वेन आय सेंड."

मला हसू आलं, पण राग उतरला नव्हता. त्यानं फोनवर नंबर शोधायला सुरुवात केली होती. मी चादर टेबलावर टाकली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"फोन खाली ठेव. ती उद्या जाणार, आणि एकटी जाणार. नोकरी लागली तर तिची, हुकली तर तिच्या स्वतःच्या बोलण्यानं हुकेल, तुझ्या नाही. बायकोला इंग्रजी शिकवायला बसलास आणि रोज स्वतःचेच गोडवे गाऊन घेतलेस, मेल्या! तुझी शिकवणी आजपासून बंद."