विहिणीच्या हातची आंघोळ

दिवाळी आटोपली आणि मनकर्णाबाई सोयगावहून शहरात पुंडलिकनगरला आल्या त्या नातीसाठी. मुलगा गोकुळ वाळूजच्या कंपनीत, सून अपेक्षा बँकेत. पाच वर्षांच्या संस्कृतीपाशी दिवसभर घरचं माणूस पाहिजे होतं. "मी हाय ना," म्हणून बाईंनी शेळ्या जावेच्या स्वाधीन केल्या आणि बस धरली.

इथं येऊन बघतात तर नातीची आंघोळ आधीच दुसरीच्या हाती गेलेली.

थंडी पडली की संस्कृतीची कातडी कोरडी पडून भेगाळायची. कोपराच्या आत, गुडघ्यांमागं लाल चट्टे उठायचे आणि पोर खाजवून रडकुंडीला यायची. म्हणून अपेक्षाची आई सत्यभामाबाई रोज सकाळी जवळच्या सिडकोतून रिक्षानं यायच्या. डॉक्टरांनी सांगितलं तसं कोमट पाण्यानं चटकन न्हाऊ घालायचं, घासायचं नाही, नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच डब्यातलं पांढरं मलम भरपूर लावायचं. स्वेटरच्या आत सुती सदरा. नखं कायम कापलेली.

मनकर्णाबाई दाराशी उभ्या राहून बघायच्या. आत खिदळणं चालायचं. "सिडकोची आजी, अजून लाव ना!" हे कानावर आलं की त्यांच्या जिवाचा चोळामोळा व्हायचा. सोयगावात गल्लीतली निम्मी बाळं त्यांनी पायावर घेऊन न्हाऊ घातलेली. नात आपली, घर आपल्या लेकाचं, आणि आपण काय नुसते टॉवेल वाळत घालायचे?

"असल्या पाण्यानं मळ निघतो व्हय?" त्यांनी एकदा खडा टाकून बघितला.

"मळाचं नाही हो विहीणबाई, खाज थांबली पाहिजे," सत्यभामाबाई गोड बोलल्या. त्या गोड बोलण्यानं तर मनकर्णाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई भांडली असती तर परवडलं असतं.

मग एके दिवशी सत्यभामाबाईंना लासूर स्टेशनला भाचीच्या घरी बारशाला जायचं होतं. संस्कृतीच्या शाळेला सुट्टी. गोकुळ आणि अपेक्षा कामावर गेले आणि मनकर्णाबाईंनी पदर खोचला.

गिझरचं पाणी कढत काढलं. डाळीचं पीठ सायीत कालवून पोरीला खसाखसा चोळलं. वर करडईच्या तेलात कापूर घालून ते अंगभर जिरवलं. पोर आधी हसत होती. "सोयगावची आजी, गुदगुल्या होतात!" मनकर्णाबाईंना आभाळ ठेंगणं झालं. येऊ दे म्हणावं आता सिडकोवालीला.

कपडे घालेपर्यंतच पोर वळवळायला लागली. मग किंचाळली. "आग होतीये आजी! आग!" चट्टे लालबुंद फुलले होते. तिनं कोपर असं ओरबाडलं की रक्त आलं.

मनकर्णाबाईंनी फोन हातात घेतला. अपेक्षाला फोन लावायची छाती होईना. पोर फुंकर घाल म्हणत गळ्यात पडली होती. शेवटी मनाविरुद्ध त्यांनी विहिणीलाच फोन लावला.

"विहीणबाई... पोरीला तेल लावलं मी. लई आग होतीये तिची."

पलीकडं बारशाचा गलका होता. सत्यभामाबाई गलक्यातून बाहेर आल्या. मग म्हणाल्या, "घाबरू नका. कोमट पाण्यानं हळूहळू तेल काढा. चोळू नका. टिपा आणि मलम लावा, डबा कपाटात वरच्या खणात आहे. मी निघतेच."

आणि त्या खरोखर पानावरून उठून आल्या. तोवर संस्कृती निवली होती, हुंदके देत झोपली होती. सत्यभामाबाईंनी तिचं कोपर बघितलं, पांघरूण नीट केलं आणि विहिणीसाठी चहा टाकला.

संध्याकाळी अपेक्षा आली, पोरीचे हात बघून चरकली. "हे काय झालं?"

"थंडी वाढलीये ना," सत्यभामाबाई म्हणाल्या.

मनकर्णाबाईंनी चमकून त्यांच्याकडं बघितलं. सून त्यांची लेक, नातीचं कौतुक त्यांचं, आणि आता मोठेपणाही त्यांचाच? आपल्या वाट्याला काय, तर त्यांनी घातलेलं पांघरूण! दुपारी वाटली नव्हती एवढी जळजळ त्यांना आत्ता झाली.

"थंडी नाय," त्या ताडकन बोलल्या. "मी कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. कापराचं तेल चोळलं. माझ्यानं झालं."

अपेक्षाचा चेहरा उतरला. "आई, तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं," एवढंच म्हणून ती आत गेली. जेवताना गोकुळ पोळीचा तुकडा नुसता वरणात फिरवत राहिला. मनकर्णाबाईंना वाटलं, उद्याच सोयगावची बस धरावी. पण मग ही आंघोळ कायमचीच विहिणीची व्हायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामाबाई आल्या, तेव्हा मनकर्णाबाई न्हाणीत आधीच पाट टाकून बसल्या होत्या.

"टिपायचं कसं ते दावा मला," त्या खाली बघत म्हणाल्या. "न्हाऊ मी घालते."

सत्यभामाबाईंनी टॉवेल दिला. पाणी किती कोमट ते कोपर बुडवून दाखवलं. मनकर्णाबाईंनी जीव मुठीत धरून पोरीला न्हाऊ घातलं, बोटं दाबतसुद्धा नव्हती. मलम लावताना संस्कृती त्यांच्या मांडीवर रेलली आणि म्हणाली, "मऊ लावते ही आजी. रोज हीच लावेल."

सत्यभामाबाई हसल्या, पण ते हसू ओठांवरच राहिलं. त्या उगीच बादली सरकवायला लागल्या. मनकर्णाबाईंनी ते बरोबर ओळखलं. महिनाभर तेच तर त्या स्वतः गिळत आल्या होत्या. त्यांना बरं वाटलं. लई बरं वाटलं. दोन्ही हातांना त्यांनी मुद्दाम सावकाश मलम लावलं.

मग डबा विहिणीपुढं ढकलला.

"पाय तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या. "माझी कंबर धरली."