बिबटाच्या कानानं

वनखात्यानं भागीरथाबाईच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पिंजरा आणून ठेवला त्याला आठ दिवस झाले, आणि आठ दिवसांत त्यात एक मुंगूसही शिरलं नाही.

पिंजरा दोन खणांचा होता. मागच्या खणात बकरी, पुढचा खण बिबटासाठी उघडा. बिबट आत शिरला की पायाखालची फळी दबणार आणि वरून दार पडणार. पण त्यासाठी बकरीनं ओरडायला हवं. ही बकरी सरकारी चारा खायची आणि मान टाकून झोपायची. म्हणून मग खात्यानं एक स्पीकर पाठवला. हातभर हिरवा डबा, त्याला समोर भोंग्याचं तोंड. बटण दाबलं की आईपासून चुकलेल्या पिलाचं ओरडणं सुरू, ते बॅटरी संपेपर्यंत. डबा पिंजऱ्याला टेकून जमिनीवर ठेवलेला. दोन संध्याकाळी तो तिथं रडला. बिबट नाल्यानं आला तसा नाल्यानंच निघून गेला. सकाळी वाळूत फक्त पावलं.

शुक्रवारी सकाळी देवानंद धुऱ्यावर आला. देवानंद म्हणजे भागीरथाबाईच्या दिराचा मुलगा. दोघांच्या बांध्या लागून, मधे मातीचा एकच बांध, धुरा. दिवाळीच्या आठवड्यात बिबटानं त्याच्या दोन बकऱ्या नेल्या होत्या, आणि परवा त्याची पोरगी अंगणात भांडी घासत असताना पाच हातांवरून गेला होता. तेव्हापासून पोरगी दार लावून घरात बसली होती.

"काकी, रविवारपर्यंत पाह्यतो," देवानंद म्हणाला. "रविवारी दिवेलागणीले या धुऱ्यावर तार टाकतो."

"कोनती तार?"

"तुमाले माहीत हाय कोनती."

भागीरथाबाईला माहीत होती. अकरा वर्षांपूर्वी डुकरांसाठी तिच्या नवऱ्यानं, हिरालालनं, तसलीच तार याच धुऱ्यावर टाकली होती, मोटरपंपाच्या खोक्यातून करंट घेऊन. डुकरं त्या रात्री आलीच नाहीत. पहाटे तार गुंडाळायला तो स्वतः गेला. बटण बंद केलं, असं त्याला वाटलं होतं. तार दुसऱ्या कोणाची असती तर भागीरथाबाईनं त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या आणि मोकळी झाली असती. घरच्याच माणसानं टाकलेली. शिव्या द्यायच्या कोणाला? तेव्हापासून ती या धुऱ्यावर पाय ठेवत नव्हती. आपल्याच बांधीत जायला वळसा घालून, नाल्याच्या बाजूनं जायची.

"तुह्या काकाचं काय झालं ते पाह्यलं ना तू?"

"काका विसरले. मी नाई विसरनार."

"तुहा काका तुह्यापेक्षा हुशार होता," ती म्हणाली. "आन तुले तं बनियान उलटी घातलेली कळून नाई राहिली."

देवानंदनं खाली पाहिलं. बनियान खरंच उलटी होती. पण त्यानं रविवार काही सोडला नाही.

वनखात्यात सांगितलं असतं तर देवानंदवर केस झाली असती. ज्याला कडेवर घेऊन वाढवला त्याला पोलिसांच्या गाडीत बसवायचं, हे भागीरथाबाईला जमणारं नव्हतं. आणि केस झाली तरी तार त्याच्याच घरात राहणार होती. उरला एकच रस्ता: रविवारच्या आधी बिबट पिंजऱ्यात जायला हवा.

शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती. पण गावात तिला अडाणी म्हणायची हिंमत अजून कोणाला झाली नव्हती. शनिवारी दुपारी वनरक्षक नूतन स्कूटीवरून आली तेव्हा भागीरथाबाई पिंजऱ्याजवळ उभीच होती.

"मॅडम, हा डब्बा खाली काऊन ठेवला?"

नूतन आमगावकडची, पंचविशीची. नवेगाव बांधला भाड्याच्या खोलीत राहायची. तिनं हेल्मेट काढलं. "आजी, बकरी जमिनीवर राहते ना. मंग आवाजही जमिनीवरूनच यायले पायजे. नाई तं बिबटाले शंका येते."

"शंका यायले आधी आवाज तं गेला पायजे त्याच्या कानात. मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा भोंगा कोनी चटईवर ठेवते का? बांबूवर चढवतेत. तेव्हा कोठी तीन गावाले ऐकू जाते."

नूतननं धुऱ्याकडे पाहिलं. धुरा कमरेइतका, त्याच्या पुढं उभा धान, पुढं नाला. म्हातारीच्या बोलण्यात काहीतरी होतं.

"मंग कुठं ठेवू?"

"त्या मोहावर. जेवढा वर जाईल तेवढा."

मोहाचं झाड पिंजऱ्यापासून पन्नास पावलांवर होतं. नूतन गणवेशासकट झाडावर चढली. खालून भागीरथाबाई सांगत राहिली, अजून वर, अजून वर, सरकारी पगारात एवढंच बसते का. शेंड्याजवळच्या बेचक्यात डबा बांधून नूतन उतरली तेव्हा तिच्या कोपराला खरचटलं होतं.

त्या संध्याकाळी पिलाचं रडणं सगळ्या टोलीत, वस्तीतल्या घराघरांत, ऐकू आलं. पलीकडच्या गावची कुत्री भुंकायला लागली. भागीरथाबाई अंगणात बसून ऐकत होती आणि तिला कधी नव्हे ते भात जास्त गेला.

रविवारी सकाळी तिनं जे पाहिलं ते असं: बिबट आला होता. नाल्यातून सरळ बांधीत आला होता. पिंजऱ्याकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मोहाभोवती त्याच्या पावलांचं रिंगण होतं, आणि खोडावर दोन पुरुष उंचीपर्यंत ताज्या नखांचे ओरखडे.

देवानंदही आला होता. त्याच्या खांद्यावर तारेचं नवंकोरं वेटोळं होतं. ओरखडे पाहून तो हसायला लागला.

"काकी, पिंजऱ्यात घालतो म्हनत होत्या तुमी. तुमी तं त्याले झाडावर चढवलं."

भागीरथाबाई पावलांच्या मागं मागं नाल्याकडं चालायला लागली. तिची अशी फजिती देवानंदनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, आणि ती पाहायला तो थोडा जास्तच वेळ तिथं थांबला. वेटोळं आपल्या बाजूनं धुऱ्याला टेकवून तो मोटरपंपाकडं गेला.

नूतन आली तेव्हा म्हातारी नाल्याच्या काठी उभी होती.

"पोरी, डब्बा उतरव आन पिंजऱ्यापाशी घेऊन जा. चालू कर. मी खाली जातो."

"कुठं खाली? आजी, ती त्याची वाट आहे."

"म्हनूनच. दिवसा तो झोपते. तू हाय ना काठी घेऊन."

ती नाल्यात उतरली. कोरड्या वाळूत काल रात्रीची पावलं उमटलेली होती. त्या पावलांजवळ तिनं लुगडं सावरलं आणि दोन्ही हात वाळूत टेकून गुडघ्यांवर झाली. पासष्टीची बाई, गावात जिच्यासमोर कोणी खाटेवर बसत नाही, ती नाल्यात चार पायांवर. बिबट काही उभं राहून ऐकत नाही. त्याचा कान याच उंचीवर असतो. हे तिला आठ दिवस सुचलं नव्हतं. मॅडमला तर नव्हतंच नव्हतं.

डबा जमिनीवर ठेवून नूतननं बटण दाबलं. भागीरथाबाईला काहीच ऐकू आलं नाही. धानाच्या सळसळीत, धुऱ्याच्या मातीत आवाज तिथंच मरत होता. काठावर उभं राहिलं तर येत होता, खाली वाकलं की गेला.

"आता वर घे," ती ओरडली. "बांबूले बांध आन हळूहळू उचल. मी पदर हालवला की थांबजो."

नूतननं बांबूच्या टोकाला डबा बांधला आणि उचलायला सुरुवात केली. कमरेइतका. काही नाही. छातीइतका. काहीतरी आल्यासारखं, मुंगीच्या पावलाएवढं. डोक्याच्या वर गेला आणि एकाएकी धुऱ्याच्या माथ्यावरून रडणं घसरत खाली आलं, सरळ तिच्या कानात. तिनं न ठरवता मान वळवली, आणि समोर, धानाच्या फटीतून, पिंजऱ्याचं वर उचललेलं दार दिसत होतं.

तिनं पदर हलवला नाही. "अजून वर," ती म्हणाली, कारण तिला खात्री करायची होती. नूतननं बांबू हाताच्या टोकापर्यंत वर नेला. आता रडणं आभाळातून यायला लागलं. कुठून ते कळेना. मान आपोआप वर जायची, झाडाकडं.

"खाली घे. अजून. बस." पदर हलला.

पिंजऱ्याच्या छतावर एक माणूस उभा केला तर त्याच्या छातीशी जेवढी उंची येईल, तेवढी. त्याच्या खाली आवाज मरतो, त्याच्या वर भरकटतो.

नूतन बॅटरी चार्ज करायला टोलीत गेली आणि भागीरथाबाई एकटी बांबूंना भिडली. पिंजऱ्याच्या चार कोपऱ्यांना चार बांबू, वर आडव्या काड्या, म्हणजे राखणीला बांधतात तसलं छोटं मचान. पण बांबू ओले, हिरवे. दोरीची गाठ घसरायची. डबा ठेवला की मचान नाल्याकडं तोंड न करता एरंडीच्या झुडपासारखं एका बाजूला कलायचं. तीनदा बांधलं, तीनदा कललं. ऊन डोक्यावरून उतरायला लागलं.

देवानंद धुऱ्यापलीकडं उभा राहून पाहत होता.

"तुही तार दे," ती म्हणाली.

"ते संध्याकाळी लागते मले."

"संध्याकाळी घेऊन जाजो."

देवानंदनं मान खाजवली. ही संधी पुन्हा येणार नव्हती, हे त्यालाही कळत होतं. "देतो. पन आधी म्हना, माह्यानं चुकलं. मोहावर डब्बा बांधाचं माह्यानं चुकलं, असं."

भागीरथाबाईनं हे शब्द लग्नानंतर सासूपुढं म्हटले नव्हते, नवऱ्यापुढं नाही, सरपंचापुढं नाही. एकदा ग्रामसभेत तिचंच चुकलेलं सिद्ध झालं होतं तेव्हा तिनं ग्रामसभाच उठवली होती. तिनं हातातली दोरी खाली ठेवली.

"माह्यानं चुकलं," ती म्हणाली. "जास्त वर नेला मी. बिबट इकडं याले पायजे होता, मी त्याले तिकडं पाठवला. अजून का पायजे?"

देवानंद हसायचं ठरवून उभा होता, पण हसू काही येईना. त्यानं वेटोळं उचलून धुऱ्यावरून तिच्याकडं टाकलं.

"पकडही दे. हातानं तुटते का हे?"

त्यानं पकडही दिली आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

नूतन परत आली तेव्हा मचान उभं होतं. तारेनं असं आवळलेलं की नूतननं धरून हलवलं तरी करकरलं नाही. चारी बांबूंना दोरीचे ताण दिले होते, खुंट्या ठोकून. डब्याचं तोंड धुऱ्याच्या माथ्यावरून नाल्याकडं रोखलेलं. नूतननं वर बॅटरी लावली. खाली वाकून भागीरथाबाईनं दाराला चिकटलेली पानं काढली, फळी झाडली, बकरीला म्हणाली, "आता तं तोंड उघड, बाई."

पाच वाजता बटण दाबलं. आणि तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट घडली. दोन संध्याकाळी शेजारच्या डब्याकडं पाठ करून झोपलेल्या बकरीच्या डोक्यावरून आता रडणं यायला लागलं. ती उठली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, वर पाहिलं. मग तिनं मान ताणून उत्तर दिलं. पिलू रडलं की ही ओरडायची. दहाव्या दिवशी सरकारी बकरीला कंठ फुटला.

तिघं देवानंदच्या अंगणात जाऊन बसले. तिथून बांधी दिसत नव्हती, पण ऐकू सगळं येत होतं. देवानंदची पोरगी दाराच्या फटीतून पाहत होती. सूर्य बोडीच्या तळ्यात अर्धा उतरला.

"दिवे लागले की मी तार सोडून आनतो," देवानंद म्हणाला.

"कोनती तार?" नूतननं विचारलं.

"कुंपनाची," भागीरथाबाई म्हणाली. "लाव रे दिवा लागल्यावर. कोन नाई म्हनून राहिलं. अजून तं उजेड हाय."

बकरी ओरडली. पिलू रडलं. बकरी ओरडली आणि मधेच थांबली. पिलू एकटंच रडत राहिलं. भागीरथाबाईचा हात देवानंदच्या मनगटावर गेला आणि तिथंच राहिला, लहानपणी जत्रेत धरायची तसा.

मग लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागून असा गुरगुराट की अंगणातली कोंबडी एका झेपेत छपरावर गेली.

नूतन टॉर्च घेऊन धावली आणि पाच मिनिटांत फोनवर बोलतच परत आली. नर होता, पूर्ण वाढीचा, समोरच्या उजव्या पायाला जुन्या फासाची जखम. बकरी सुखरूप. आठ वाजता गाडी आली, नऊ वाजता पिंजरा मचानाखालून ओढून, ताडपत्रीखाली झाकून गाडीत चढवला. गावातले पन्नास जण मोबाइल वर धरून उभे होते. भागीरथाबाई त्यांच्यात गेली नाही.

सोमवारी सकाळी धान कापायला बायका आल्या, विळे घेऊन, आठ दिवसांनी पहिल्यांदा. देवानंद मचान सोडवायला आला होता. तो एका बांबूजवळ बसला, मग दुसऱ्या, मग उठून सगळ्या मचानाभोवती फिरला.

"काकी."

"का झालं?"

"पुरी तार कापली तुमी. सगळे हातहातभर तुकडे हायेत."

"बांधाले तुकडेच लागतेत."

"एका डब्ब्यासाठी अख्खं वेटोळं?"

"हवा होती," भागीरथाबाई म्हणाली. "आन मले का समजते, मी दुसरी शिकलेली."

देवानंदनं हातातला तुकडा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. एवढ्याशा तारेत धुऱ्यावरच्या दोन खुंट्यांचं अंतरही भागलं नसतं. तो तिच्याकडं पाहत राहिला. त्याच्या ओठांवर काहीतरी येऊन थांबलेलं तिला दिसत होतं, पण तिनं त्याला बोलायला जागा दिली नाही.

"कपडे वाळवाची तार तुटली माही. त्यातले चार तुकडे जोडून देजो. बाकीचे तुहे."

बायका नाल्याच्या वळशानं जायला निघाल्या होत्या, तिच्या मागं मागं, कारण तिच्या बांधीत कायम तसंच जायची सवय होती. भागीरथाबाईनं विळा कमरेला खोचला, चपला काढून हातात घेतल्या आणि धुऱ्यावर पाय ठेवला. माती थंड होती, दवानं ओली. ती मधोमध आली तेव्हा एक क्षण थांबली, पायाखाली पाहिलं, आणि पुढं चालायला लागली.

"कायले उभ्या हाय वं?" तिनं मागं न पाहता विचारलं. "हाच जवळचा रस्ता हाय."