ठेवणीतला जोड

खोक्याचे झाकण उघडले आणि आधी वास आला: बंद डब्यात विसरलेल्या ओल्या फडक्याचा, वर जळक्या रबराची किंचित झाक. तिने बूट उचलला. तळव्याचा मधला फोम बोटांना चिकटून निघाला, कुजक्या केळ्यासारखा, आणि उरलेला भुग्यासारखा सतरंजीवर सांडला. तिने हात झटकला. तो चिकट करडेपणा सुटेना.

हा जोड तिने घातला नव्हता, जपला होता. कंपनीने ते बूट बनवणे थांबवले असे कानावर आले त्याच दिवशी तिने दुकान गाठून शेवटचा जोड आणला, कागदात गुंडाळून कपाटाच्या माथ्यावर ठेवला आणि पायातला जुना जोड चवडा उघडा पडेपर्यंत वापरला. नवरा तेव्हा म्हणाला होता की आपल्याला तिने कधी असे कागदात गुंडाळून ठेवले नाही. आता तो दारात उभा राहून भुग्याकडे पाहत होता, आणि शहाणा माणूस असल्यामुळे केरसुणी आणायला वळला. कडा चढायच्या दोरीला वय असते हे ती नवख्यांना पहिल्याच दिवशी शिकवायची. दोरी न वापरताही म्हातारी होते, म्हणून टाकून द्यायची. बुटालाही वय असते, पायाखाली न आलेला तळवा आतल्या आत सडतो, हे मात्र तिच्या डोक्यात कधी आलेच नाही. स्वतःच्या कंजूष मायेची तिला शिसारी आली.

तिचे काम माणसांना कड्यावर चढवण्याचे. धंद्यातली माणसे तिला घोरपड म्हणत, आणि ते नाव ती मनातल्या मनात बिल्ल्यासारखे मिरवत असे. कड्याच्या पायथ्याशी जाणारी वाट एका कलत्या कातळावरून जाते. त्यावरून पाणी सतत पाझरते, आणि खालच्या बाजूला कातळ संपतो तिथे नुसती हवा असते. या वाटेसाठीच ते बूट. कड्यावरचे घट्ट बूट चालायला नकोत, साधे बूट कातळावर टिकत नाहीत. दोहोंच्या मधले, मऊ चिकट रबराचे, असे ते अ‍ॅप्रोच बूट.

इतर वाटाडे त्या कातळावर आडवी दोरी बांधत. तिच्या घरात ती रीत नव्हती. हा धंदा सासऱ्यांनी सुरू केला, आणि मामंजींचा दंडक असा की दोरी कड्यावर, इथे नजर. वाटाड्याने पुढे सावकाश चालायचे, आणि मागच्याने त्याचा पाय जिथून उठला नेमका तिथेच आपला पाय ठेवायचा. मामंजींच्या मागे ती पुढची जागा मुलांकडे गेली नाही, सुनेकडे आली. यापेक्षा मोठा मान तिला आयुष्यात मिळाला नव्हता. दोरीला ती पांगुळगाडा म्हणायची.

हंगामातला पहिला गट यायला थोडेच दिवस उरले होते. धाकटा दीर गटांची व्यवस्था पाहायचा आणि वाटेवर सगळ्यांच्या शेवटी चालायचा. त्याने हळूच सुचवले की यंदा दोरी लावू, काय बिघडते. तिने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने विषय बदलला. विश्वासाचा जोड मिळाला नाही तर एकतर पांगुळगाडा, नाहीतर पुढे दुसरा कुणी, हे दोघांनाही कळत होते.

मग शोध सुरू झाला. दुकानातल्या विक्रेत्याने त्याच नावाचा नवा बूट मोठ्या कौतुकाने समोर ठेवला. नाव तेच, बाकी सगळे सोंग. तळवा उशीसारखा फुगवलेला, रंग कावीळ झालेल्या डोळ्यांसारखा पिवळा, नाकपुड्या चुरचुरवणारा डिंकाचा वास. ऑफिसलाही चालतात, विक्रेता म्हणाला. तिने अंगठा जिभेला लावून तळव्यावर ओढला. चांगले रबर ओला अंगठा धरून ठेवते. इथे तो काचेवरून घसरावा तसा घसरला. विक्रेत्याच्या चेहऱ्यावर जी किळस उमटली ती पाहून तिला त्या दिवसातले एकमेव समाधान मिळाले. बाकीच्या दुकानांतही हीच गत: कुठे चवडा अरुंद, कुठे टाच उंच, आणि सगळीकडे तेच दात काढून हसणारे फुगीर तळवे.

शेवटी जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत तोच मूळ बूट दिसला. शहराच्या दुसऱ्या टोकाची इमारत, जिन्यात ओल्या कुत्र्याचा वास. दार उघडणारा मनुष्य दिलगिरी व्यक्त करत आत गेला आणि बूट घेऊन आला. आतल्या पट्टीवर पाच बोटांचे काळे चकचकीत ठसे होते, टाचेशी कापलेल्या नखाची चंद्रकोर अडकलेली. अडला हरी म्हणतात तशी ती डोळे मिटून खाली बसली आणि पाय आत घातला. बूट गरम होता. म्हणजे घंटा वाजली तेव्हा तो त्या माणसाच्याच पायात होता. परक्याच्या घामाची ती ऊब मोज्यातून वर चढू लागली तशी तिने पाय ओढून घेतला. कसेबसे "मोठा होतोय" म्हणत ती जिना उतरली. घरी येऊन तिने पाय साबणाने धुतले, आणि पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी तिने ते पिवळे सोंग विकत घेतले.

गट आला त्या सकाळी कातळ काळाभोर ओला होता. तिच्या मागे गटातली माणसे रांगेत उभी, त्यांत दरवर्षी न चुकता येणारे दातांचे डॉक्टर पहिले, आणि सर्वांत शेवटी दीर. तिने पाय टेकला. दुसरा टेकला. वजन दिले, आणि तळवा खालच्या खाली थरथरला, केसभर सरकून थांबला. ज्या कातळावर ती डोळे झाकून चालत असे, तो तिला तुपट, बुळबुळीत, एखाद्या जिवंत प्राण्याच्या पाठीसारखा लागला. ती पाऊल मागे घेत कातळाच्या अलीकडे, वाटेवर आली.

"भावजी, दोरी काढा," ती म्हणाली. तोंड कडू झाले होते.

दिराने पाठीवरची पिशवी उतरवली. दोरी त्याच्या पिशवीत अगदी वरच होती, हे तिच्या नजरेतून सुटले नाही. दोघांनी मिळून ती आडवी ताणून पक्की केली. आता गटातून कुजबुज होईल, घोरपड म्हातारी झाली म्हणतील, अशी वाट पाहत ती पाठमोरी उभी राहिली. मागून फक्त एक लांब सुस्कारा आला.

"बरं झालं बाई," डॉक्टर म्हणाले. "दरवर्षी इथं पोटात गोळा यायचा माझ्या."

ती वळली. "मग कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही पाय ठेवायचात तिथंच मी ठेवायचो. तुमचा राहायचा, माझा सरकायचा. मला वाटायचं, खोट माझ्याच पायात आहे." ते ओशाळून हसले. "मागून तुमचे दीर माझ्या पिशवीचा पट्टा धरायचे म्हणून निभावलं."

तिने डॉक्टरांच्या पायांकडे पाहिले. फिरायला जाण्याचे साधे, कडक तळव्याचे बूट. मग रांगेतल्या इतरांच्या पायांकडे. तसलेच. चिकट रबर त्या कातळावर कधी कुणाच्या पायात होते तर ते तिच्या आणि दिराच्या. इतकी वर्षे तिने लोकांना आपले पाऊल दाखवले होते, पायाखालचे रबर नाही. त्यांच्या गप्प राहण्याला तिने कौतुक समजले होते.

"तुम्ही पट्टे धरायचात?" तिने दिराला विचारले.

"ज्याचा पाय हलायचा, कडेनं पुढं येऊन त्याचा," तो दोरीची गाठ पुन्हा तपासत म्हणाला. "तुम्ही मागं बघायचा नाहीत ना, वहिनी. वाटाड्यानं मागं बघायचं नसतं, बाबांनीच सांगितलं होतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो झोंबला. शेवटी चालतो म्हणून या माणसाला ती आणि नवरा जेवताना गमतीने शेपूट म्हणत. भुग्याची, परक्या बुटाची, पिवळ्या सोंगाची आली नव्हती इतकी किळस आता तिला स्वतःच्या रुबाबाची आली. आणि ती काही साबणाने धुवून जाण्यातली नव्हती.

दोरीला धरून सगळे पार झाले. दिवसभर तिने कड्यावर काम केले, गाठी तपासल्या, घाबरलेल्यांना धीर दिला, पण तोंडाची कडू चव गेली नाही. परतताना कातळाच्या काठाशी ती थांबली.

"भावजी, तुम्ही पुढं चला," ती म्हणाली. "मी मागं येते."

दीर क्षणभर घुटमळला, मग दोरी धरून निघाला. रांग सरकू लागली. शेवटून ती पहिल्यांदाच पाहत होती: टाचा कशा वाकड्या होतात, गुडघे कसे थरथरतात, माणसे श्वास कशी कोंडतात. कातळाच्या मधोमध, आता रांगेत तिच्या लगेच पुढे असलेल्या डॉक्टरांचा पाय सरकला. दोरी हातात होती, तरी तिचा हात आपोआप पुढे गेला. पिशवीचा पट्टा घामाने चिंब, बुळबुळीत आणि आंबूस होता. तिने तो मनगटाला पीळ देऊन घट्ट धरला, आणि कातळ संपेपर्यंत सोडला नाही.