नेल्लोचं मरण जमवताना

कातानियाच्या विद्यापीठात ऑर्नेल्ला प्रिविटेरा माणसाची रोगप्रतिकारक शक्ती संगणकात चालवून पाहायची. रुग्णाच्या रक्ताचे आकडे भरायचे, औषध सोडायचं, आणि पांढऱ्या पेशी कॅन्सरच्या गाठीवर तुटून पडतात की स्वतःच्याच शरीरावर, ते बघायचं. धाकट्या भावाला, नेल्लोला, त्वचेचा कॅन्सर झाला तेव्हा तिनं त्याचेही आकडे भरले. संगणकातला नेल्लो बरा झाला. खरा नेल्लो औषध सुरू झाल्यावर गेला. त्याच्याच पेशींनी त्याचं हृदय पोखरलं.

अंत्यविधीनंतर ती सरळ कामावर आली. टेबलावर एत्ना ज्वालामुखीची राख साचली होती. हातानं ती झाडून खुर्चीत बसली.

"घरी जा ना," तिच्यासोबत काम करणारा तुरी म्हणाला. "नेल्लोची केस आपण वगळू."

"वगळायची नाही. मॉडेल चुकलंय. तो त्यातही मरेपर्यंत बदलत राहायचं."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आहे. तेवढंच आहे."

दोघं बदल करत राहिले. नेल्लो दर वेळी जगत होता. मध्येच आईचा फोन आला. "रडलीस का गं?"

"नाही, मम्मा."

"मग कधी रडणार?"

"बघू."

मग तुरीच्या लक्षात आलं, की मॉडेलमध्ये पेशींना हृदयात शिरायला वाटच ठेवली नव्हती. त्यांनी ती ठेवली. पडद्यावरची नेल्लोच्या हृदयाची रेघ घसरत तळाला गेली.

"जमलं!" तुरीनं हात उंचावले. मग हळूच खाली घेतले. "सॉरी."

"जमलंच आहे. आता बाकीचे रुग्ण चालव."

बाकीच्यांत बस चालवणारी एक बाई होती. तिचा पहिला डोस झाला होता, दुसरा उद्या होता. पडद्यावर तिचंही हृदय बंद पडलं. ऑर्नेल्लानं तिच्या डॉक्टरांना फोन लावला.

"उद्याचं औषध थांबवा. आधी हृदय तपासा."

"तुमच्या मॉडेलच्या भरवशावर? मागच्या वेळी तर..."

"मागच्या वेळी माझा भाऊ होता. तपासा."

तपासलं. हृदयाला सूज यायला लागली होती. औषध थांबवलं आणि बाई वाचली.

पुढच्या आठवड्यात तिचा नवरा बदामाच्या मिठाईचा ट्रे घेऊन आला. ऑर्नेल्लाचे दोन्ही हात धरून काहीबाही बोलत राहिला. ती मान हलवत होती.

तो गेल्यावर तिनं उभ्या उभ्या एक तुकडा तोंडात टाकला.

"कशी आहे?" तुरीनं विचारलं.

"चांगली असेल," ती म्हणाली. "तू खाऊन बघ."