आवाज कुठून आला

मावशीचा डावा कान गेला हे तिला कळलं ते फोनमुळे. बहिणीचा फोन आला, मावशीने नेहमीच्या सवयीने तो डाव्या कानाला लावला, आणि पलीकडे कुणीच नव्हतं. दोनदा "हॅलो" म्हणून तिने ठेवून दिला. पुन्हा वाजला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा डाव्या हातात चहाची किटली होती म्हणून तिने उजव्या हाताने उचलला, तर बहीण तावातावाने बोलत होती, "अगं, उचलतेस आणि तोंडावर ठेवून काय देतेस?"

आदल्या आठवड्यात ताप येऊन गेला होता. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, कानावर यंत्र लावून बारीक-जाड आवाज ऐकवले आणि सांगितलं, "नसेवर परिणाम झालाय. हा कान आता परत येईल असं वाटत नाही. पण दुसरा उत्तम आहे. एका कानावर माणसाचं सगळं नीट चालतं."

मावशीने मान डोलावली. ऐकू येत होतं हे खरंच होतं. बिनसलं होतं ते वेगळंच, आणि ते सांगायचं कसं हेच तिला उमगत नव्हतं.

ती एका पाळणाघरात कामाला होती. तान्ह्या मुलांपासून शाळेत जायच्या वयापर्यंतची मुलं सांभाळता सांभाळता तिचे केस पिकले होते. लहान-मोठे, मुलांचे आईबाप, दूधवाला, सगळे तिला मावशीच म्हणायचे. पाळणाघराच्या मधोमध एक लांब बोळ होता. अगदी टोकाला धुण्याची खोली, आणि तिथून बाहेर आलं की डाव्या हाताला तान्ह्यांची खोली, उजव्या हाताला चालत्या मुलांची. बोळात उभं राहून मावशी डोळे मिटूनही सांगायची, कोण रडतंय, कुठल्या कोपऱ्यात, आणि ते रडणं भुकेचं आहे की नुसतं लाडाचं.

कान गेल्यानंतर पहिल्याच आठवड्यात दुपारी एक मूल कळवळून रडायला लागलं. मावशी तडक उजवीकडच्या खोलीत धावली. तिथे सगळी मुलं गाढ झोपलेली. ती उलट फिरली तोवर मदतनीस मुलगी तान्ह्यांच्या खोलीत पोचली होती. एका बाळाचा पाय पलंगडीच्या दांड्यांत अडकला होता. फार काही झालं नव्हतं, पाय नुसता लाल झाला होता. पण दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं, आणि मग आणखी एकदा.

पाळणाघराच्या संचालिकेने तिला खोलीत बोलावून घेतलं. बाई भल्या होत्या. कसं सांगावं हे त्यांनाच सुचत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "मावशी, थोडे दिवस तुम्ही कपड्यांचं बघा. नंतर पाहू आपण."

"माझं लक्ष नसतं असं वाटतं का तुम्हाला?"

"तसं नाही म्हणत मी."

पण मावशीला स्वतःलाच तसं वाटायला लागलं होतं. वय झालं, मन थाऱ्यावर नाही, हात-पाय चालतात पण डोकं मागे राहतं, असं काहीबाही. धुण्याच्या खोलीत यंत्राची घरघर चालायची. चादरी, दुपटी, लाळेरी यांचे ढीग समोर असायचे. बोळातून मुलांचे आवाज यायचे, पण कुठल्या दाराने आले ते कळत नसे. सगळेच उजव्या कानाला चिकटल्यासारखे वाटायचे.

घरीही तेच. घरात ती एकटीच राहायची, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. त्या खोल्यांतल्या प्रत्येक आवाजाला एक जागा होती. नळ तिथे, फ्रिज इथे, वरच्या बिऱ्हाडातली खुर्ची डोक्यावर थोडी पुढे. आता काही पडल्याचा आवाज झाला की ती आधी स्वयंपाकघरात बघायची, मग न्हाणीघरात, मग जिन्यात, आणि बऱ्याचदा काय पडलं ते कळतच नसे. रस्त्यात कुणी हाक मारली की ती नेमकी भलतीकडे वळायची. हाक मारणाऱ्याला वाटायचं, हिने कानाडोळा केला. एक-दोन ओळखीच्या बायकांनी मग हाक मारायचंच सोडून दिलं.

"अगं, एक कान धड आहे ना? मग झालं तर," बहीण फोनवर म्हणाली.

"ऐकू येतं गं. पण कुठून येतं ते कळत नाही."

"म्हणजे काय?"

"तेच तर मला समजून घ्यायचंय."

बहिणीने विषय बदलला आणि आपल्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिली.

मावशीने वाचनालयातून भौतिकशास्त्राचं एक पुस्तक आणलं. ध्वनीचं प्रकरण उघडलं. पहिल्याच ओळीत माध्यम, कंपन, संपीडन आणि विरलन असे शब्द एकामागोमाग येऊन उभे राहिले. तिने ते पान तीनदा वाचलं. पुस्तकात आवाज निघत होता, हवेतून जात होता, भिंतीवर आपटून परत येत होता. ऐकणारं माणूस मात्र त्यात कुठे नव्हतं.

पुस्तक परत करायला गेली तेव्हा वाचनालयाच्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. भौतिकशास्त्रातल्या शंका, दर शनिवारी सकाळी, वरच्या मजल्यावर, विनामूल्य. एक निवृत्त शिक्षिका तिथे बसायच्या.

शनिवारी मावशी वर गेली. लांब टेबलाभोवती शाळा-कॉलेजातली पोरं बसली होती. परीक्षा तोंडावर आल्या होत्या. कुणाचं उतारावरून घरंगळणाऱ्या ठोकळ्याचं गणित अडलं होतं, कुणाचं भिंगाचं. शिक्षिका किडकिडीत होत्या, बोटांना खडू लागलेला, बोलणं भरभर. मावशी टोकाच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली. तिची पाळी आली.

"कितवीत आहे तुमचं मूल?" शिक्षिकेने विचारलं.

"शंका माझीच आहे."

दोन पोरांनी माना वर केल्या. मावशीने खाली बघतच सांगितलं, एक कान गेलाय, ऐकू येतं, पण आवाज कुठून आला ते कळत नाही, असं का होतं?

"चांगला प्रश्न आहे," शिक्षिका म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. एक गोल काढला, ते डोकं. दोन टिंबं, ते कान. एक तिरकी रेघ, तो आवाज. मग अंतर भागिले वेग बरोबर वेळ. आवाजाचा वेग लिहिला, दोन कानांतलं अंतर लिहिलं, भागाकार केला, शून्य पूर्णांकापुढे आणखी शून्यं आली. "हा वेळेतला फरक. यावरून मेंदू दिशा काढतो. आलं लक्षात?"

"हो," मावशी म्हणाली.

समोर रांग होती. ती आभार मानून उठली आणि जिना उतरू लागली. निम्म्या जिन्यात थांबली. इतकी वर्षं ती डॉक्टरांना, मुलांच्या आईबापांना, संचालिकेला हो म्हणत आली होती. कठड्याला हात लावून थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग परत वर चढली.

"बाई, नाही आलं लक्षात."

शिक्षिकेच्या हातातला खडू थांबला. पोरं हसली नाहीत, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांना स्वतःच्या शंकेचं उत्तरही समजलं नव्हतं. शिक्षिकेने फळ्यावरच्या गोलाकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणी काढला होता.

"नाही येणार," त्या म्हणाल्या. "मी घाईत सांगितलं. पुढच्या शनिवारी जरा उशिरा या, पोरं गेल्यावर. नीट दाखवते."

पुढच्या शनिवारी टेबल रिकामं होतं. शिक्षिकेने पिशवीतून रबराची एक लांब नळी काढली, बागेला पाणी घालायची असते तसली, पण बारीक. नळीच्या बरोबर मध्यावर शाईची खूण केली होती.

"आता मी पाठमोरी बसते. नळीची दोन टोकं माझ्या दोन कानांत. मधला भाग तुमच्या हातात. पेन्सिलीने कुठेही टकटक करा. मला दिसणार नाही."

मावशीने खुणेवर टकटक केलं.

"मध्ये," शिक्षिका म्हणाल्या.

पेन्सिल बोटभर डावीकडे सरकवली.

"डावीकडे."

तितकीच उजवीकडे.

"उजवीकडे."

मावशीने मग पेन्सिल खुणेच्या इतकी जवळ आणली की तिचं तिलाच कळेना, टोक कुठल्या बाजूला आहे. टक.

"किंचित डावीकडे," शिक्षिका म्हणाल्या. "आता बघा काय होतं. डावीकडे टकटक केलंत की आवाजाला माझ्या डाव्या कानापर्यंत कमी जावं लागतं, उजव्यापर्यंत जास्त. म्हणून डाव्याला बातमी आधी लागते, उजव्याला मागून. मध्ये गेलेला वेळ इतका थोडा असतो, की डोळ्याची पापणी लवायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पण तेवढा डोक्याला पुरतो. त्यावरून दिशा कळते. शिवाय मोकळ्या हवेत डोकंच मध्ये आडवं येतं, त्यामुळे पलीकडच्या कानाला आवाज जरा दबून पोचतो. तोही फरक उपयोगी पडतो."

"म्हणजे दोघं लागतात."

"दोघं लागतात. एकट्याला बातमी मिळते. ती कुठून आली ते कळायला दुसऱ्याचीही ऐकावी लागते."

मावशीने नळी स्वतःच्या कानांत घातली. शिक्षिकेने मागून टकटक केलं. उजवीकडे. पुन्हा. उजवीकडे. आणि पुन्हा, उजवीकडेच. मावशीने नळी काढली आणि टेबलावर गुंडाळून ठेवली. डोळे भरून आले, ते तिने लपवले नाहीत.

"वाईट वाटलं का?" शिक्षिकेने विचारलं.

"नाही. मला वाटत होतं माझं लक्ष उडालंय."

"लक्षाचा काही संबंध नाही. दुसरी बातमी येतच नाही, तर लक्ष कशाकडे देणार?"

डोळे पुसून मावशी म्हणाली, "मग आता काहीच करता येणार नाही?"

"थोडं येईल. आवाज चालू असेल तर जागेवर उभं राहून मान हळूहळू फिरवायची. चांगला कान आवाजाच्या समोर आला की तो सर्वांत मोठा वाटतो, डोकं आड आलं की दबतो. म्हणजे दोन कानांचं काम एकाच कानाने एकामागोमाग करायचं. पण एखाद्या फरशीच्या बोळात फसाल, तिथे आवाज आपटून भिंतीही बोलतात."

त्या आठवड्यात मावशीने घरी सराव केला. नळ थोडा सोडून ठेवायचा, डोळे मिटायचे, गोल फिरायचं आणि ज्या बाजूला मोठा वाटेल तिकडे बोट दाखवून डोळे उघडायचे. आधी बोट कपाटाकडे जायचं, मग दाराकडे, मग हळूहळू नळाकडे जायला लागलं. कुणी खिडकीतून बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाईचं डोकं फिरलं, आणि तसं ते खरोखरच फिरत होतं.

एके दिवशी दुपारी मदतनीस मुलगी दूध गरम करायला गेली असताना बाळाचं रडणं सुरू झालं. मावशी हातातलं दुपटं टाकून बोळात आली. पाय उजवीकडे ओढत होते. ती थांबली. मान फिरवली, आवाज दबला. उलट फिरवली, मोठा झाला. पण समोरच्या भिंतीकडूनही येत होता. ती तान्ह्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर गेली, आत पडदे होते, गादी होती, आवाज भिंतींवर आपटत नव्हता, तिथे पुन्हा मान फिरवली. खिडकीजवळची पलंगडी. बाळ पालथं पडून लालबुंद झालं होतं. तिने त्याला उचललं, खांद्यावर घेतलं. ते तिच्या बहिऱ्या कानाशी रडत होतं, आणि ते रडणं तिला फेरा घालून दुसऱ्या बाजूने ऐकू येत होतं.

संचालिका दारात उभ्या होत्या. सगळं त्यांनी पाहिलं होतं.

"जमलं की मावशी. सोमवारपासून या परत खोलीत."

इतके दिवस मावशीने याच वाक्याची वाट पाहिली होती. बाळ शांत होईपर्यंत ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "रडत राहणारं मूल मला सापडतं. एकदाच ओरडून गप्प होईल ते नाही सापडणार. आणि आधी धावायला हवं ते त्याच्याकडेच."

दूध घेऊन मुलगी आली. मावशीने बाळ तिच्या हातात दिलं आणि बोळाच्या टोकाशी जाऊन यंत्राचं झाकण उघडलं. त्या दिवशी घरी गेल्यावर तिने बहिणीला फोन करून नळीची गोष्ट सांगितली. बहीण म्हणाली, "काय बाई तुझं एकेक," आणि तरी या खेपेला गुडघ्यांचा विषय काढला नाही.

परीक्षा संपल्या. शनिवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पोरांपैकी कुणीच नव्हतं. शिक्षिका टेबलाच्या एका टोकाला पेपर वाचत बसल्या होत्या. मावशी आत आली तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि मावशीच्या उजव्या बाजूची खुर्ची ओढून घेतली.

"कान काय म्हणतोय?"

"आहे तसाच आहे. त्यासाठी नाही आले." मावशीने पर्स मांडीवर घेतली. "दिवसभर चादरी धुते मी. एक विचारायचं होतं. पाण्याला तर रंग नसतो. मग पांढरी नाही, पण निळी, करडी कुठलीही चादर भिजली की काळपट का दिसते? आणि वाळली की पुन्हा होती तशी?"

शिक्षिकेने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. फळ्याकडे एकदा बघितलं, पण उठल्या नाहीत.

"याचं उत्तर मला येतं असं वाटत होतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही पुन्हा जिना चढून 'नाही आलं लक्षात' म्हणाल, असं घाईत सांगायचं नाही मला. बसा. रुमाल आहे का तुमच्याकडे?"

मावशीने रुमाल काढून टेबलावर पसरला. शिक्षिका खिडकीतला पाण्याचा तांब्या आणायला उठल्या.