चिखल विसरलेले मडगार्ड

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. ‘जुनी’ या विशेषणाला माझी हरकत नाही. वय झाले ते झाले. हरकत आहे ती ‘भंगार’ या शब्दाला. तो वस्तूविषयी काहीच सांगत नाही. बोलणाऱ्याच्या आळसाविषयी मात्र पुष्कळ सांगतो. माझा सांगाडा अस्सल पोलादाचा असून आजवर त्याला जोडकामाचा एकही डाग द्यावा लागलेला नाही. ज्याला शंका असेल त्याने बोटाने टिचकी मारून पाहावी.

माझे सुटे भाग पंजाबातून रेल्वेने नांदेडला आले आणि तिथल्या वजिराबाद भागातल्या एका भाड्याच्या सायकलींच्या दुकानात मी जोडली गेले. माझी घडण लेडीज सायकलीची. मधला दांडा खाली वाकवलेला असल्यामुळे शिकाऊ मुलांचा पाय सहज टेके. साहजिकच साऱ्या गल्लीची पोरे माझ्यावरून पडून-पडून शिकली. रोज वाकलेली मडगार्डे रोज सरळ करण्याचा मालकाला कंटाळा आला आणि एके दिवशी त्याने ती काढूनच टाकली. टायर बारीक होते. शहराच्या डांबरी रस्त्यावर मी वाऱ्यासारखी पळत असे, त्यामुळे आपल्यात काही उणे आहे असे मला कधी वाटले नाही.

पुढे लोह्याच्या एका शाळेत शिपाई असलेल्या साहेबरावांनी मला विकत घेतले. त्यांची मुलगी सिंधु नांदेडला नर्सिंग शिकत होती. तिच्याबरोबर मी दोन वर्षे दवाखान्यात ये-जा केली. ती मला कधी भिंतीवर आपटून उभी करीत नसे आणि उतरल्यावर सीटवर एकदा हात फिरवी. शिक्षण संपले त्याच सुमारास लातूर हा नवा जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्यात नव्या जागा निघाल्या आणि सिंधुची नेमणूक लातूरकडच्या एका आडगावच्या उपकेंद्रात झाली. मीही एस.टी.च्या टपावर आडवी पडून तिच्या मागोमाग गेले.

तिथे डांबर नव्हते. होते ते दुष्काळाने भुगा झालेले रस्ते, गाड्यांच्या खोल चाकोऱ्या आणि बाभळीचे काटे. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. सिंधुकडे आसपासच्या वाड्या सोपवल्या होत्या. लातूरहून सकाळच्या गाडीने बर्फात ठेवलेला लशीचा डबा येई. तो कॅरिअरला बांधून, बर्फ वितळायच्या आत वाडीवर पोचायचे आणि लहान मुलांना घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरची त्रिगुणी लस द्यायची, असे तिचे काम होते. बर्फ संपला की लस वाया जाई.

सर्वांत लांबच्या वाडीत केवळाबाई नावाची म्हातारी होती. तिचा मोठा नातू आदल्या वर्षी घटसर्पाने गेला होता. सुईला घाबरणाऱ्या बायांना तिनेच घरोघर जाऊन पटवले आणि ठरल्या दिवशी लेकरे घेऊन पारावर बसवले. त्याच दिवशी माझ्या बारीक टायरात वाटेतच काटे भरले. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरले होते आणि डब्यात नुसते पाणी डुचमळत होते. त्या वाट पाहण्यात बायांची टँकरच्या पाण्याची पाळी बुडाली होती. केवळाबाई सिंधुला फार बोलली नाही. जे बोलली ते मात्र माझ्या सीटपर्यंत पोचले.

“बाई, आणखी एकडाव बसवते ह्यांना. त्या दिवशी बी अशीच आलीस, तर माझ्या शब्दाला कोणी उभं राहणार न्हाई. मग तू येऊ नगंस.”

धाकटा नातू तिच्या कडेवर होता. त्याला अजून सुई टोचलेली नव्हती.

सिंधुने घरी सांगितले आणि साहेबराव पहिल्या एस.टी.ने आले. ते मला घेऊन लातूरला मन्मथआप्पांच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात गेले आणि जाड टायर घालायला सांगितले. मन्मथआप्पांनी ते आनंदाने मान्य केले. मग साहेबराव म्हणाले की मडगार्डेही बसवा. येथे वाद सुरू झाला. आप्पांचे म्हणणे असे की चाक ज्यात बसते त्या माझ्या चिमट्यात जागा बेताची आहे; जाड टायर घातला तर वर मडगार्ड मावत नाही आणि मडगार्ड हवे असेल तर टायर बारीकच ठेवावा लागेल. दोन्हींपैकी एक निवडा.

“दोन्ही पायजेत,” साहेबराव म्हणाले.

“अहो साहेबराव, आभाळात ढग न्हाई आन् तुम्ही मडगार्ड मागून राहिले. लोक हसतील मला.”

“ढगासाठी कोण मागतंय? फुफाटा उडतो. पोरीच्या पांढऱ्या लुगड्यावर पाठभर रस्ता उमटतो. नर्सबाई वाडीत शिरली तर नर्सबाई दिसली पायजे, खडी फोडून आल्यागत न्हाई.”

या युक्तिवादापुढे आप्पांचे काही चालले नाही. माझ्या मते चालायलाही नको होते. मडगार्ड म्हणजे निव्वळ मिरवायची वस्तू, असे समजणाऱ्यांनी चाकामागची पाठ कधी धुतलेली नसते. आप्पांनी मडगार्डांच्या कडा हातोडीने ठोकून चपट्या केल्या, तारा वाकवल्या, वायसर घातले आणि अखेर टायर व मडगार्ड यांच्यामध्ये काडीपेटीतली काडी फिरवून दाखवली. काडीपेक्षा जाड काही आत जाणार नाही, म्हणजे धूळ बाहेर पडणारच नाही, असे दोघांनाही वाटले. साहेबरावांनी चाक फिरवून कान लावला. कुठेही घासत नव्हते. नव्या काळ्या टायरांत आणि मडगार्डांत मी दुकानाच्या काचेत स्वतःला पाहिले आणि, खरे सांगते, मला थोडा गर्व झाला.

त्या तिघांपैकी कोणालाही चिखल आठवला नाही. सिंधुला नाही, साहेबरावांना नाही, उभा जन्म सायकली दुरुस्त करण्यात घालवलेल्या आप्पांनाही नाही. दोन वर्षांत कोणी तो पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या फेरीचा दिवस उजाडला. काटे जाड टायरांखाली मोडून पडले, चाकोऱ्या मी सहज ओलांडल्या, सिंधुची पाठ स्वच्छ राहिली. वाडी कोसभर उरली असता वाटेत विहीर लागली. ती आटलेली होती. टँकर तिच्यात पाणी सोडी आणि बाया ते शेंदून नेत. त्या दिवशी टँकरच्या नळीचा जोड निसटला होता. निम्मे पाणी विहिरीत पडण्याऐवजी गाडीवाटेवर सांडले आणि काळ्या मातीने ते पिऊन टाकले. सिंधुने लांबून ओल पाहिली, पण तिला वाटले, ओलच ती, जाईल सायकल.

ज्यांना मराठवाड्यातली काळी माती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: ती भिजली की कणकेसारखी चाकाला चिकटते आणि प्रत्येक फेऱ्यात वाढत जाते. मडगार्डाखाली काडीइतकी जागा. माझी दोन्ही चाके भर चिखलात आवळली गेली आणि मी खुंटासारखी उभी राहिले. सिंधुने ढकलले, ओढले, काटकी घालून पाहिली. काटकी आत शिरेना. डबा, सुयांची पेटी आणि सुया उकळायचा स्टोव्ह उचलून कोसभर चालावे, तर पोचेपर्यंत बर्फ उरला नसता. तिने डब्यावर हात ठेवून गारवा चाचपला.

विहिरीवरच्या बाया हसल्या. एकीने विचारले की नर्सबाई, घोडं बसलं का? त्यांच्यातच केवळाबाई होती; लेकुरवाळ्या बायांना पारावर बसवून ती पाण्याच्या पाळीला आली होती. ती हसली नाही. आपल्या डोक्यावरची घागर तिने कोरड्या जागी उतरवली, चुंबळ तशीच डोक्यावर राहू दिली आणि लुगडे खोचून चिखलात उतरली. तिच्यामागून आणखी तिघी आल्या. मित्रांनो, आयुष्यभर मी माणसांना वाहिले. त्या दिवशी चार बायांनी चुंबळींवर मला घेतले आणि डब्यासकट चिखलापलीकडच्या कडक मुरमावर नेऊन ठेवले. इतक्या उंचीवरून मी जग त्यापूर्वी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही.

पण चाके आवळलेलीच होती. आतला चिखल भिजवल्याशिवाय निघणार नव्हता. केवळाबाई मागे वळली, आपली भरलेली घागर घेऊन आली आणि माझ्या पुढच्या चाकावर तिरपी केली.

सिंधुने तिचा हात धरला. “मावशी, पाणी नका सांडू. सकाळपासून उभ्या होता तुम्ही.”

“सांडून न्हाई राहिले,” केवळाबाई म्हणाली. “नातवाला पाजून राहिले. तू चाक फिरव.”

सिंधुने चाक फिरवले. लाल-काळे पाणी मुरमावर पसरले. पुढचे चाक सुटले आणि घागर रिकामी झाली. तेव्हा मघाशी घोड्याची चौकशी करणारी बाई पुढे आली आणि तिने आपली घागर मागच्या चाकावर ओतली.

पारावर पोचलो तेव्हा डब्यात बोटभर बर्फ शिल्लक होता. तेवढा पुरला. केवळाबाईचा नातू सर्वांत मोठ्याने रडला. मागाहून रिकामी घागर घेऊन आलेल्या आजीने ते रडणे लांबूनच ऐकले आणि पावले सावकाश टाकायला सुरुवात केली.

मन्मथआप्पांना ही हकिगत कळली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. “चिखलच इसरलो की हो,” एवढेच म्हणाले. मग एका दूधवाल्याच्या मोडक्या सायकलीचा रुंद चिमटा त्यांनी मला बसवला, मागचे मडगार्डही उचलून घेतले आणि दोन्हीकडे अंगठा मावेल इतकी जागा सोडली. दुष्काळ आणखी काही महिने टिकला. त्या मोकळ्या जागेतून फुफाटा उडाला, सिंधुची लुगडी मळली, आणि साहेबरावांनी त्याविषयी पुन्हा तक्रार केली नाही.

आता सिंधुबाई निवृत्त आहेत. त्यांच्या ओसरीत मी उभी असते. माझ्या कॅरिअरवर कोंबडी बसते, घंटीला आवाज नाही, आणि पाहुणे आले की हे कधी विकणार असे विचारतात. सिंधुबाई सीटवर एकदा हात फिरवतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी सायकल असेल. तिच्या साखळीला तेल द्या, चाकात हवा भरा आणि महिन्यातून एकदा तरी तिला रस्ता दाखवा. पोलाद कामाने झिजते त्याहून लवकर ते उभे राहून सडते. मला चकचकीत करावे असे मात्र कोणाच्या मनात आले, तर बादली आणू नका. कोरडे फडके पुरेल. माझ्या वाट्याचे पाणी मला मिळून चुकले आहे.