सहाव्या जागचा मणी

मित्रांनो, मी एक जुना रेणू आहे. हिमोग्लोबिन हे माझ्या जातीचं नाव. हर्षाली नावाच्या एका बाईच्या रक्तात, एका तांबड्या पेशीत मी राहतो. जुना म्हटलं म्हणून हसू नका. आमचं सगळं आयुष्य जेमतेम चार महिन्यांचं, आणि माझं आता संपत आलं आहे. तेवढ्यात मी पुष्कळ फिरलो. पण मला सारखा आठवतो तो एकच दिवस. तो अगदी साधा दिवस होता. तसा दिवस नंतर आला नाही.

भातकापणीच्या आधीचा रविवार. हर्षाली शहापूरकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि तानसाच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहते. रविवारी ती एसटीने मुरबाडला येई आणि तिथून दुसऱ्या एसटीने टोकावड्याला. तिची आई राही माळशेजच्या रस्त्याला काकड्यांची पाटी घेऊन बसे. त्या दिवशी हर्षालीने येताना पाण्याची मोठी बाटली आणली आणि आईच्या हातात दिली. राहीने झाकण उघडलं आणि सगळं पाणी हळूहळू काकड्यांवर शिंपडलं.

शेजारी भिमी बसली होती. ती राहीची लहानपणापासूनची सोबतीण. "बघ गो मास्तरीन," ती म्हणाली, "तुजी आय काकड्यांना आंघोळ घालते न सोता सुकते."

"गिऱ्हाईक काकडीकडं बघतं, माज्याकडं नाय," राही म्हणाली.

"आये, ते तुला प्यायला आनलं व्हतं."

"पिऊन जाऊ कुठं? ह्या रस्त्याला बाईमानसाला आडोसा हाय का येक तरी?"

"ढाब्याच्या मागं जा की," भिमी म्हणाली.

"ढाब्याच्या मागं ट्रकवालं हायत. तू जा पयली, मग मला सांग."

भिमी तोंडाला पदर लावून हसली. हर्षालीलाही हसू आलं. मला आलं नाही. सकाळी घर सोडल्यापासून संध्याकाळी परतेपर्यंत राही पाण्याचा घोट घेत नसे. विकायला बसायचा दिवस म्हणजे कोरडा दिवस, हे त्या रस्त्यावरच्या सगळ्याच बायकांचं होतं. तसं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आडोसा नव्हता, एवढंच. इतर बायका संध्याकाळी डोकं धरून घरी जात आणि तांब्याभर पाणी पिऊन उठत. राहीचं तेवढ्यावर भागत नसे. तिच्या रक्तात माझे भाऊबंद होते, आणि पाणी कमी पडलं की ते काय करतात हे मला ठाऊक होतं.

कसं ठाऊक होतं ते सांगतो.

माझा जन्म हर्षालीच्या मणक्याच्या हाडातल्या मज्जेत झाला. मी प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे एक माळ. मणी एकापुढे एक ओवले जातात. कुठल्या जागी कुठला मणी, हे आईबापांकडून आलेल्या पाठात लिहिलेलं असतं. माळ पुरी झाली की ती आपली आपण दुमडते, वळते, आणि तिला एक आकार येतो. तो आकार आला की काम आलं. आकार गेला की काम गेलं. माझ्या अंगात अशा चार माळा आहेत आणि प्रत्येकीच्या कुशीत लोहाचा एक कण. फुप्फुसात गेलो की त्या कणावर प्राणवायू येऊन बसतो. पहिला बसला की माझं अंग किंचित वळतं आणि बाकीच्या जागा त्याला सोप्या होतात. भरलो की मी निघतो. बोटाच्या टोकाशी, डोळ्याच्या मागे, जिथे गरज असेल तिथे तो उतरवतो. उतरवला की अंग पुन्हा पहिल्यासारखं वळतं. हर्षाली एसटीमागे धावली की आमची धांदल उडे. ती पुस्तक वाचत बसली की आम्ही निवांत तिच्या कपाळामागून फिरत असू. मला हे काम आवडे.

पण माझ्या दोन माळांमध्ये सहाव्या जागचा मणी चुकीचा आहे. तिथे पाण्याची ओढ असलेला मणी हवा होता. तिथे पाण्याकडे पाठ फिरवणारा मणी बसला आहे. जवळजवळ दीडशे मण्यांच्या माळेत एवढा एकच. अंगावर प्राणवायू असेपर्यंत त्याचं काही वाटत नाही. तो उतरवून मी वळलो की मात्र माझ्या अंगावर एक खाच उघडी पडते, आणि शेजाऱ्याचा तसाच मणी त्या खाचेत जाऊन बसतो. रानातून जाताना लुगड्याला कुसळं लागतात तसे आम्ही एकमेकांना लागतो. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. बघता बघता ताठ दोर तयार होतात. मऊ, गोल पेशी आतून ताणली जाते आणि विळ्यासारखी वाकडी होते. अशी पेशी बारीक वाटेत अडकते. तिच्यामागे बाकीच्या तटतात, आणि पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. ते दुखणं हाडात शिरतं. पेशीतलं पाणी कमी झालं की आम्ही आणखी दाटीत उभे राहतो, आणि दाटीत चिकटायला वेळ लागत नाही.

हर्षालीच्या पेशीत हे होत नाही, कारण मला शेजार चांगला मिळाला. तिला आईकडून चुकलेला पाठ आला, पण तिच्या वडिलांकडून, मंगळूकडून, बरोबर पाठ आला. त्यामुळे इथे निम्म्याहून जास्त रेणू सरळ आहेत. मी त्यांच्यात गेलो तरी ते दोर वाढू देत नाहीत. राहीच्या पेशीत असं कुणी नव्हतं. तिथे सगळे माझ्यासारखेच.

त्यांच्या पाड्यावर विळ्याला इळा म्हणतात. सांधे धरले की राही म्हणे, "आज इळ्यांना धार लावली कुनी." एवढं बोलून ती कामाला लागे.

हर्षालीच्या आधी राहीला एक मुलगा होता, भगीरथ. मंगळूजवळ एक पाठ बरोबर होता आणि एक चुकलेला; भगीरथला आईकडून चुकलेला पाठ आला आणि मंगळूकडूनही चुकलेलाच आला. शाळेत जायच्या वयाचा होण्याआधीच तो गेला. का गेला, हे राहीला पुष्कळ वर्षांनी एका आरोग्य शिबिरात रक्त तपासल्यावर समजलं. तेव्हापासून ती म्हणू लागली, "मी दिलं त्याला." यात मंगळूचाही वाटा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. मंगळूनेही सांगितलं. तिने ते मानलं नाही. हर्षालीला मात्र ती तेव्हापासून एकच गोष्ट विचारत आली.

त्या रविवारीही तिने विचारलंच. पाटी आवरता आवरता, खाली बघत.

"हर्षे, तुज्यात नाय ना गो?"

"नाय गो आये. किती येळा सांगू?"

"सांग गो. सांगायला काय झिजतीस?"

मी त्या वेळी हर्षालीच्या अंगठ्याच्या टोकात होतो. त्याच हाताने ती पाटीला फडकं बांधत होती. ज्या आईचे दोन्ही पाठ चुकलेले आहेत, तिच्या प्रत्येक लेकरात एक तरी चुकलेला पाठ येतोच. हर्षाली हे दरवर्षी फळ्यावर चौकोन आखून मुलांना शिकवते. आईला तो चौकोन येत नाही, यावर तिचा भरवसा होता. आपण "हाय" म्हटलं तर आई पुन्हा "मी दिलं" म्हणेल, एवढंच तिला नको होतं.

एसटी आली. राहीने खिडकीतून एक काकडी आत दिली. "वाटंत खा," ती म्हणाली. "पानी हाय तीत."

मग कापणी सुरू झाली. राही उन्हात दिवसभर वाकून राहिली. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला आणि छातीत कळ येऊ लागली. मंगळू आणि भिमीने तिला जीपमध्ये घालून मुरबाडला नेलं. तिथून तिला पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवलं. हर्षाली शाळेतून तशीच निघाली. तिच्या बोटांना खडू लागलेला होता.

मित्रांनो, फुप्फुस हे आमचं माहेर. तिथे जाऊन आम्ही भरून यायचं. राहीच्या फुप्फुसातच वाटा बंद होत होत्या. भरायला आलेले माझे भाऊबंद रिकामेच परतत होते. रिकामे झाले की चिकटत होते. चिकटले की आणखी एक वाट बंद होत होती. तिच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. हातातल्या नळीतून थेंब थेंब पाणी चढत होतं. त्या दोन दिवसांत गेलं तेवढं पाणी तिच्या अंगात कित्येक वर्षांत गेलं नसेल.

तिला रक्त द्यायचं ठरलं. योगिनी नावाच्या परिचारिका खाटेपाशी आल्या.

"माझं घ्या," हर्षाली म्हणाली. तिने बाही वर केली होती.

त्या क्षणी मी तिच्या कोपराच्या शिरेत होतो. मला वाटलं, आता जायचं.

"ताई, तुमची स्वतःची तपासणी झाली आहे का?"

हर्षालीने आईकडे पाहिलं. मग ती योगिनीताईंना दाराशी घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी वाहक आहे."

"मग तुमचं नको," योगिनीताईही हळूच बोलल्या. "त्यांना साधंच रक्त हवं. आहे आपल्याकडे, मागवते."

त्यांचं बरोबर होतं. मी तिथे जाऊन काय केलं असतं? प्राणवायूच्या त्या टंचाईत माझाही भरवसा नव्हता. मीही वळलो असतो, मलाही खाच पडली असती, आणि मी माझ्या भाऊबंदांच्या दोराला लागलो असतो. नुसतं मदतीला जावंसं वाटून कुणी मदतीचं होत नाही. आकार पाहिजे.

हर्षाली खाटेपाशी परतली तेव्हा राहीचे डोळे उघडे होते. तिने मुखवटा बोटाने जरा बाजूला केला.

"तुजं का नाय घेत गो?"

"गट जुळत नाय, आये."

 राही म्हणाली, "माय-लेकीचं जुळत नाय?"

हर्षालीने मुखवटा पुन्हा नीट बसवला. त्यानंतर राही फारसं बोलली नाही. तिला कळलं होतं की नव्हतं, ते मला सांगता येत नाही. मी रक्तातला आहे. मनात काय चाललंय ते माझ्यापर्यंत येत नाही.

रक्त आलं, चढलंही. दुसऱ्या दिवशी दुपारी राही गेली.

त्या वेळी हर्षालीने तिचा तळहात आपल्या तळहातात धरला होता. मी त्याच तळहातात होतो. मध्ये फक्त दोघींची कातडी होती. पलीकडे माझ्याच पाठाचे, माझ्याच चुकीचे रेणू होते. अलीकडून मला त्यांचा धक्का जाणवत होता, हळू, मग आणखी हळू. मग तो थांबला. माझ्याजवळ चार जागा भरून प्राणवायू होता. एकही देता आला नाही.

राहीला घरी आणून जिथे ठेवलं होतं, तिथे दिवा लावला आणि पाण्याचा तांब्या ठेवला. सकाळी पाणी कमी झालेलं दिसलं की गेलेलं माणूस येऊन पिऊन गेलं, असं पाड्यावर मानतात. हर्षालीला बाष्पीभवन ठाऊक आहे. तरी ती रोज उठल्याबरोबर तांब्यात डोकावते.

दहाव्याच्या आदल्या दिवशी भिमी आली. मांडवावरची शेवटची काकडी तिने तांब्याशेजारी ठेवली. "आता पी म्हनावं राहीला पोटभर," ती म्हणाली. "आता कुनाचं भ्या हाय?" एवढं बोलून ती हसायला गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

माझी पेशी आता ताठरली आहे. लवकरच मी पाणथरीत, म्हणजे प्लीहेत जाईन. तिथे माझ्या माळा सुटतील, मणी वेगळे होतील. लोह मात्र जपून ठेवलं जाईल आणि नव्या रेणूला मिळेल. तोही चुकलेल्याच पाठावरून ओवला गेला, तर त्याच्याही सहाव्या जागी तोच मणी असेल. तो मला बदलता आला नाही आणि त्यालाही येणार नाही. मित्रांनो, तुम्हाला मात्र थोडं काही करता येईल. आपल्या रक्तात काय आहे ते तपासून घ्या, आणि कळलं की घरात सांगा. आणि रस्त्याच्या कडेला दिवसभर पाटी घेऊन बसलेली बाई दिसली, तर तिला पाणी जरूर द्या. पण त्याआधी, पाणी प्यायल्यावर तिला जायला जागा आहे का, ते बघा.

दहावं झालं. माणसं पांगली. मंगळू बाहेर पेंढ्यावर बसला होता. हर्षाली तांब्यातलं पाणी बदलायला आत आली. जुनं पाणी तिने दाराबाहेरच्या काकडीच्या वेलाला ओतलं, नवं भरून तांब्या जागेवर ठेवला आणि तिथेच खाली बसली. मी तिच्या गळ्यातून चाललो होतो, म्हणून तिचा आवाज मला आतून ऐकू आला. वर्गातला नव्हता, पाड्यावरचा होता.

"आये, माज्यात हाय गो. तू इचारायचीस न मी नाय म्हनायची. हाय. भगीरथला दिलंस तसं मलाबी दिलंस. न मला ते पायजे हाय. आता तुजं तेवढंच ऱ्हायलंय माज्याकडं."